नाचास गुण देणारे यंत्र

गेल्या नाताळाच्या सुटीत आमच्या मिरजगावी एक लहानसा तंटा उपस्थित झाला आणि तो तोडण्याचे काम, का कोण जाणे, आमच्याकडे आले. तंट्याचे मूळ एका खेळात होते. पुण्यास नोकरीस असलेल्या एका तरुणाने सुटीसाठी घरी येताना टीव्हीस जोडावयाचे खेळाचे यंत्र बरोबर आणले होते. पडद्यावर एक नर्तक नाचतो. आपण मोबाइल फोन उजव्या हातात धरून त्याच्यासारखे नाचावयाचे. गाणे संपले की यंत्र आपणांस गुण सांगते. त्या तरुणाची धाकटी बहीण आमच्या शाळेत नववीत असून शाळेच्या लेझीम-पथकाची ती पुढारी आहे. ज्या पालकांनी गेल्या वर्षीचे स्नेहसंमेलन पाहिले त्यांस ती खचित आठवत असेल. ह्या मुलीस यंत्राने तीन तारे दिले. तिच्या दहा वर्षांच्या मावसभावाने बाजेवर बसल्या बसल्या नुसता हात हलविला आणि पाच तारे मिळविले!

एवढे हसून सोडून देण्यासारखे होते. परंतु शाळा उघडल्यावर ती मुलगी आमच्याकडे येऊन म्हणाली, "सर, यंदा लेझीमला दुसऱ्या कोणाला तरी पुढं करा. मला नाचता येत नाही." तिच्या वडिलांची गाठ घेतली, तर त्यांनी मुलीचीच री ओढली. "मास्तर, माणूस तोंडदेखलं बोलतो. मशीनला कुणाचं काय देणंघेणं? ते कशाला खोटं सांगंल?"

ह्यावर आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. यंत्र खोटे बोलत नाही हे आम्हांस मान्य होते. पण ते नेमके काय पाहते आणि पाहिलेल्याचे गुण कसे करते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही मुलीकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या साह्याने ह्या शास्त्राचा अभ्यास आरंभिला. त्यात जे हाती लागले ते येथे देत आहोत. विद्यार्थिमित्रांनी कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावे हे बरे.

हातात फोन धरून खेळावयाच्या खेळाचे गणित पडद्याआड चालते. पायांनी खेळावयाच्या खेळाचे गणित उघड असते. म्हणून प्रथम पायांचा खेळ पाहू. १९९८ साली जपानातील कोनामी ह्या कंपनीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' नावाचे यंत्र काढले. खेळणाऱ्याच्या पायांखाली एक चौथरा असतो व त्यावर डावी, उजवी, पुढे, मागे अशा चार दिशांच्या बाणांच्या फरश्या असतात. समोरच्या पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात. वरच्या अंगास त्यांचे चार स्थिर ठसे काढलेले असतात. सरकता बाण ठशावर जाऊन बरोबर बसेल त्या क्षणी त्या दिशेच्या फरशीवर आपले पाऊल पडले पाहिजे. बाणांची मांडणी गाण्याच्या ठेक्यावर केलेली असते, त्यामुळे ज्याचे पाऊल बाणाबरोबर पडले त्याचे ते तालातही पडले.

ह्या यंत्रास नर्तकाचे दर्शन होत नाही. फरशीखाली कळ असते. ती दाबली गेली की यंत्रास दोनच गोष्टी समजतात: कोणती फरशी, आणि केव्हा. कंबर लवली की नाही, हात कोठे होते, मुद्रेवर आनंद होता की कपाळास आठ्या, ह्यांपैकी त्यास काहीही कळत नाही. पटाईत खेळाडू तर चौथऱ्याच्या मागील बाजूस असलेली लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून केवळ पाय चालवितात. नाच म्हणून पाहू गेल्यास तो प्रकार बेढब दिसतो. गुण मात्र भरघोस पडतात.

आता 'केव्हा' ह्या शब्दाकडे वळू. आमच्या गावच्या भजनात पखवाजवाल्याची सम चुकली तर मंडळींच्या माना डोलावयाच्या थांबतात आणि त्यास आपली चूक उमगते. ती किती चुकली हे मात्र कोणी मोजीत नाही. यंत्र मोजते. अशा खेळांपैकी 'स्टेपमॅनिया' नावाची एक संगणकीय आज्ञावली विनामूल्य मिळते व तिची सारी घडण वाचण्यास खुली आहे. ती आम्ही शाळेतील संगणकावर घालून पाहिली. तीत मूळ नियम असा आहे: ठोक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे साडेबावीस सहस्रांश सेकंदाच्या आत पाऊल पडले तर पहिली श्रेणी; ४५ सहस्रांशाच्या आत पडले तर दुसरी; ९० च्या आत तिसरी; १३५ च्या आत चौथी; १८० च्या आत पाचवी; आणि त्याहून अधिक अंतर पडले, अगर पाऊल पडलेच नाही, तर 'मिस', म्हणजे चुकले. मिनिटास १२० ठोके पडणाऱ्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर ५०० सहस्रांश, म्हणजे अर्धा सेकंद असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिली श्रेणी किती अरुंद दारातून जाते ते दिसेल. आम्ही स्वतः संगणकाच्या बाणकळांवर बोटांनी प्रयत्न केला. चाळिशी उलटलेल्या माणसास तिसरी श्रेणी हेच घर होय, असा आमचा अनुभव आहे.

श्रेणी ठरली की तिचे गुण करावयाचे, आणि येथे खरी मौज आहे. कोनामीच्या खेळाची 'ए' नावाची एक आवृत्ती २०१६ साली निघाली. तिच्यात गाणे सोपे असो वा कठीण, पूर्ण गुण १०,००,००० असतात. ह्या दहा लाखांस गाण्यातील एकंदर पावलांच्या संख्येने भागावयाचे. (दाबून धरावयाचे लांब बाणही ह्या संख्येत वेगळे मोजतात, आपण ते सोडून देऊ.) समजा, गाण्यात २०० पावले आहेत, मग एका पावलाचे मोल ५,००० झाले. पहिल्या श्रेणीस पूर्ण ५,०००. दुसरीस त्यातून केवळ १० वजा, म्हणजे ४,९९०. तिसरीस मोलाचे तीन-पंचमांश व त्यातून १० वजा, म्हणजे २,९९०. चौथीस एक-पंचमांश व त्यातून १० वजा, म्हणजे ९९०. चुकलेल्यास शून्य.

एका खेळाडूची १२० पावले पहिल्या श्रेणीत, ५० दुसरीत, २० तिसरीत, ६ चौथीत पडली आणि ४ चुकली असे धरू. त्याचे गुण अनुक्रमे ६,००,०००, २,४९,५००, ५९,८००, ५,९४० आणि शून्य, बेरीज ९,१५,२४०. शेकडा साडेएक्याण्णवांच्या वर झाले! कोणत्याही घरी पेढे वाटले जातील.

आता हाच खेळाडू आपण दुसऱ्या तराजूत घालू. २००४ साली अमेरिकेतील टेक्सस प्रांतात रॉक्सर ह्या कंपनीने 'इन द ग्रूव्ह' नावाचा अगदी अशाच धर्तीचा खेळ काढला. त्यात पहिल्या श्रेणीच्या पावलास ५ गुण, दुसरीस ४, तिसरीस २, चौथीस शून्य, पाचवीस उणे ६, आणि चुकल्यास उणे १२. दोन्ही खेळांच्या वेळेच्या मर्यादा तंतोतंत एक नाहीत. परंतु समजुतीपुरत्या श्रेणी त्याच धरू. ६०० अधिक २०० अधिक ४०, चौथीचे शून्य, आणि चार चुकांचे उणे ४८: झाले ७९२. पूर्ण गुण २०० गुणिले ५ म्हणजे १,०००. शेकडा ७९.२!

नाच तोच, पाय तेच, गाणे तेच. आणि दोन निकालांत बारा टक्क्यांची तफावत. कोणते यंत्र खोटे बोलले? दोन्ही खरे बोलली. पहिल्या खेळाच्या कर्त्याने एका चुकीची किंमत दोनशेपैकी एका पावलाएवढीच ठेवली. दुसऱ्याने ठरविले की चूक म्हणजे मिळावयाचे ५ तर गेलेच, वर पदरचे १२ द्यावयाचे. म्हणून एका चुकीत हजारातील १७ गुण जातात. ज्या पालकांची मुले वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस बसली आहेत त्यांस हे नवीन वाटणार नाही. तेथे बरोबर उत्तरास ४ आणि चुकीच्या उत्तरास उणे १ असा हिशेब आहे. मात्र तेथे कोरे सोडलेल्या प्रश्नास शिक्षा नाही. येथे पाऊल न टाकणे हाच सर्वांत मोठा अपराध.

ह्याच जपानी खेळाच्या जुन्या काही आवृत्त्यांत आणखी एक नियम होता. तो दहावीच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. त्यात पहिल्या पावलाचे मोल एक भाग, दुसऱ्याचे दोन भाग, तिसऱ्याचे तीन, अशी चढती भाजणी असे. दोनशे पावलांच्या गाण्यात एकंदर भाग २०,१००. अंकगणिती श्रेढीची बेरीज करून पाहिल्यास पहिल्या शंभर पावलांचे मिळून ५,०५० भाग होतात, आणि पुढील शंभरांचे १५,०५०. म्हणजे अर्धे गाणे नाचून झाले तरी गुण चौथ्या हिश्श्याचेच जमा झालेले असतात. आरंभी अडखळलेल्यास हा नियम उदार, आणि शेवटी दमलेल्यास फार क्रूर. आम्हांस तो मनापासून आवडत नाही. पण आमच्या वर्गातील मुलांनी मत दिले तेव्हा तोच नियम बहुमताने पसंत झाला. "शेवटी रंगत येते, सर," असे त्यांचे म्हणणे पडले.

गणित करीत असता एक गोष्ट आमच्या मनात आली, ती येथेच सांगतो, कारण पुढे तिचा उपयोग झाला. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. आमच्या मैदानावर लेझीमच्या एका रांगेत १८ मुले दोन-दोन मीटरांवर उभी राहतात. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ३४ मीटर. हलगीवाला रांगेच्या एका टोकास असतो. त्याची थाप दुसऱ्या टोकाच्या मुलाच्या कानी पडावयास सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे १०० सहस्रांश लागतात. तो बिचारा थाप ऐकताक्षणी लेझीम वाजवीत असला, तरी हलगीजवळ बसलेल्या यंत्राने त्यास चौथ्या श्रेणीत ढकलले असते, आणि आम्ही तर गेली कित्येक वर्षे त्या टोकाच्या मुलांस "मागे पडू नका" म्हणून रागावत आलो आहो! खेळांच्या कर्त्यांस मात्र ही अडचण पूर्वीच उमगलेली आहे. टीव्हीचे चित्र अगर आवाज यंत्रातून निघून आपल्यापर्यंत पोहोचण्यास काही सहस्रांश उशीर होतो. म्हणून अशा खेळांत आरंभी तो उशीर मोजून हिशेबातून वजा करण्याची सोय ठेवलेली असते. आम्हां शिक्षकांस अशी सोय कोणी शिकविली नव्हती.

असो. आता ज्या खेळाने तंटा माजविला त्याकडे येऊ. त्याचे नाव 'जस्ट डान्स'. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने तो २००९ साली प्रथम काढला आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आमच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल की २००८ पासून ह्या कंपनीची एक शाखा पुण्यास असून ह्या खेळाच्या बांधणीत पुण्याच्या मंडळींचाही हात लागला आहे. तेव्हा यंत्र कोणी परक्या मुलखातून आलेले सर्वज्ञ नव्हे; त्यातील काही भाग आपल्यापासून चार-पाच तासांच्या वाटेवर घडला आहे.

ह्या खेळात पायांखाली फरशी नाही. फोनच्या पोटात वेगातील फरक ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. फोन आडवा धरला असता चित्रही आडवे होते, ते त्याच्याच योगाने. नाचताना फोन कोणत्या क्षणी कोणत्या दिशेस किती झपाट्याने हलला हे तो संवेदक सांगतो. खेळाच्या कर्त्यांनी प्रत्येक हालचालीचा नमुना आधी साठवून ठेवलेला असतो. आपली हालचाल त्याच्याशी ताडून यंत्र 'ओके', 'गुड', 'सुपर', 'पर्फेक्ट' असा शेरा देते, आणि मुळीच न जुळल्यास फुली मारते. काही निवडक हालचाली सोनेरी ठरविलेल्या असतात. त्यांस अधिक गुण. सर्व गुण मिळून १३,३३३ होतात. ही संख्या चमत्कारिक दिसते खरी. दर २,००० गुणांस एक तारा, म्हणजे १०,००० ला पाच तारे. पुढे ११,००० ला 'सुपरस्टार' आणि १२,००० ला 'मेगास्टार' ह्या पदव्या.

हे आकडे आम्ही टक्क्यांत मांडले तेव्हा आम्हांस हसू आले. पाच तारे म्हणजे शेकडा ७५, चार तारे म्हणजे ६०, तीन तारे म्हणजे ४५. आपल्या दहावीच्या परीक्षेत विशेष योग्यता, प्रथम श्रेणी आणि द्वितीय श्रेणी ह्यांच्या मर्यादा त्याच आहेत! तेव्हा आमच्या पुढारी मुलीस नृत्यात द्वितीय श्रेणी मिळाली होती, आणि बाजेवरील चिरंजीव विशेष योग्यतेने उत्तीर्ण झाले होते.

त्या चिरंजीवांचे कोडे आता सुटले. यंत्रास केवळ फोन दिसतो, आणि फोन उजव्या हातात असतो. पाय, कंबर, मान, डावा हात ही त्याच्या लेखी नाहीतच. मधल्या काळात काही यंत्रांस सबंध शरीर टिपणारा कॅमेरा जोडीत असत; परंतु आमच्या गावी आलेला हा प्रकार फोनचा होता. बसून हात हलविणाऱ्यास यंत्र नाचणाराच समजते.

परंतु मुलीस तीनच तारे का, हा प्रश्न राहिला. तिचाही उजवा हात होताच की! ह्यासाठी आम्ही एका शनिवारी सायंकाळी त्यांच्या घरी गेलो. आजींनी चहा दिला, वडील बाजेवर बसले, आणि मुलीने काहीशा नाखुशीनेच फोन हाती घेतला. पहिले कडवे संपावयाच्या आतच दोष सापडला, आणि तो सापडताच आम्हांस शरमल्यासारखे झाले, कारण तो आमचाच होता.

पडद्यावरील नर्तक आपल्याकडे तोंड करून उभा असतो, आणि आपण त्याच्याकडे आरशात पाहावे तसे पाहावयाचे असते. त्याच्या एका हातात रंगीत मोजा असतो. तो वस्तुतः त्याचा डावा हात होय; पण पडद्यावर तो आपल्या उजव्या अंगास दिसतो, आणि तोच आपला उजवा, फोनचा हात. आमच्या कवायतीची शिस्त ह्याच्या अगदी उलट आहे. शिक्षक समोर तोंड करून उभे असले, तरी त्यांचा उजवा तो आपला उजवा, त्यांचा डावा तो आपला डावा. आरसा करावयाचा नाही. हे आम्ही पाचवीपासून मुलांच्या अंगी मुरवितो, आणि पुढाऱ्याच्या तर रक्तात भिनवितो. ती मुलगी आज्ञाधारकपणे नर्तकाचा डावा हात आपल्या डाव्या हाताने करीत होती. तिचा डावा हात वाऱ्यावर सुंदर फिरत होता, आणि फोनचा उजवा हात भलत्याच वेळी हलत होता. मावसभावास कवायतीची शिस्त नाही. ज्या बाजूस मोजा दिसला त्या बाजूचा हात त्याने हलविला.

"बाळ, आरशात पाहते आहेस असे समज," एवढेच आम्ही म्हणालो. दुसऱ्या खेपेस ती दोनदा अडखळली. तिसऱ्या खेपेस चार तारे ओलांडून पाचव्याच्या उंबरठ्याशी जाऊन ठेपली. मग आम्ही मावसभावाच्या हाती लेझीम दिली. तो उभा राहिला, चार ठोके त्याने बरे काढले, पाचव्यास पाय पुढे टाकून वाकावयाचे होते तेथे तो हसत खालीच बसला.

वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारले, "म्हणजे मास्तर, मशीनला पाय दिसतच न्हाईत?"

"नाहीत."

"आन् लेझमात तर सगळं पायावरच असतंय."

आम्ही काहीच बोललो नाही. घरी परत येताना मात्र आमच्या मनात आमच्या लाल पेन्सिलीचा विचार घोळत होता. निबंध तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आम्हांस चटकन दिसतात, म्हणून त्यांचे गुण आम्ही चटकन कापतो. मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहून लिहिले असेल तर ते दिसावयास वेळ लागतो, आणि साठ वह्या पुढ्यात असल्या म्हणजे तो वेळ आम्ही देतोच असे नाही.

सोमवारी मुलगी नेहमीप्रमाणे पथकाच्या पुढे उभी राहिली. त्याच दिवशी आम्ही हलगीवाल्यास रांगेच्या टोकावरून उठवून मधोमध नेऊन बसविले. आता कोणत्याही टोकापर्यंत अंतर १७ मीटर, उशीर ५० सहस्रांश. हलगीवाले गृहस्थ गेली वीस वर्षे चिंचेखालच्या सावलीत बसून वाजवीत आले आहेत; मैदानाच्या मध्यावर ऊन होते. त्यांनी कारण विचारले. आम्ही त्यांस ध्वनीचा वेग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, डोक्यास उपरणे गुंडाळले, आणि म्हणाले, "शेवटची पोरं मागं ऱ्हातात, हे मला ठावं होतं. म्हणून तर त्यांच्याकडं बघून जरा आधी थाप मारीत हुतो."